‘बारा मोठा’: लहान-मोठेपणाच्या चिन्हांत अडकलेल्या एका वहीचं प्रकरण

आठवीतली मुलगी. समीकरणं नीट सोडवते, भूमितीत रमते, पाढे पक्के. असमानतेची उदाहरणं सुरू झाली आणि वहीत लाल शाई वाढली. घरच्यांचं म्हणणं होतं की ती चिन्हं उलटी लावते आणि घाई करते. वहीतला शेराही तसाच होता: ‘लक्ष देऊन सोडव.’ माझ्याकडे ती शिकायला आली ती निष्काळजीपणाचा शिक्का घेऊनच.

वही चाळताना मात्र उलटी चिन्हं लावायची सवय कुठे दिसेना. ४०५ < ४५० बरोबर होतं, १००० > ९९९ बरोबर होतं. साध्या मोजणीच्या संख्या होत्या तिथे एकही चूक नव्हती. चुकलेल्या ओळी अशा होत्या:

−७ > −३
०.४५ > ०.६
३/७ > ३/५
२क्ष + १ > ७, म्हणून क्ष = ४
−२क्ष < ६, म्हणून क्ष < −३

घाईतल्या चुका कुठेही होतात, कशाही होतात. या चुकांना शिस्त होती. पहिल्या तीन ओळींत डोळ्यांना मोठा दिसणारा आकडा ज्या बाजूला, चिन्हाची उघडी बाजूही तिकडेच: ७, ४५ आणि पुन्हा ७. ज्या मुलीला चिन्ह कुठल्या बाजूला उघडतं हेच कळत नाही तिची ४०५ आणि ४५० ची ओळही चुकली असती. त्यामुळे हे निष्काळजीपणाचं प्रकरण नाही, याची मला तेव्हाच खात्री झाली. अशा शेऱ्याने मुलाचं नुकसानच होतं. ते आणखी लक्ष देऊन तीच चूक पुन्हा करतं.

सोडवायला मी तिला काहीच दिलं नाही. वाचायला दिलं.

१२ > ९ हे मोठ्याने वाच म्हटलं. ती म्हणाली, “बारा मोठा.”

९ < १२ लिहिलं. पुन्हा तेच, “बारा मोठा.”

“दोन्ही ओळी सारख्याच वाचायच्या?”

“हो ताई, दोन्हीत बाराच मोठा आहे ना.”

सगळं प्रकरण या उत्तरात आहे. ‘बारा मोठा’ या वाचनात नऊ कुठे आहे? ती दोन संख्यांमधलं वाक्य वाचत नव्हती, चित्र बघून त्यातली एक संख्या निवडत होती. मोठेपणा हा तिच्या लेखी संख्येला चिकटलेला गुण होता. बारा नऊपेक्षा मोठा आहे, वीसपेक्षा लहान आहे. एकट्या बाराबद्दल यातलं काहीच बोलता येत नाही. आणि मोठेपणा एकदा आकड्यालाच चिकटवला की सातच्या आधी उणे चिन्ह आलं, सात छेदात गेला किंवा दशांश चिन्हाच्या उजवीकडे बसला, तरी तो मोठाच राहतो. पहिल्या तिन्ही चुका इथूनच आलेल्या होत्या.

तिला असं वाचायची सवय का लागली असावी, याचा विचार केला तर दोन कारणं दिसतात. पहिलं आपल्या वाक्यरचनेत आहे. ‘९ + १२’ आपण लिहिलेल्या क्रमाने वाचतो: नऊ अधिक बारा. गुणिले, भागिले, बरोबर, सगळी चिन्हं जागच्या जागी उच्चारली जातात. ‘९ < १२’ चं तसं नाही. ‘नऊ बारापेक्षा लहान आहे’ असं म्हणताना चिन्ह ओलांडून बारापर्यंत जावं लागतं आणि मग मागे राहिलेल्या चिन्हाचे शब्द शेवटी बोलावे लागतात. क्रमाने न वाचता येणारं हे मुलांना भेटणारं पहिलं चिन्ह आहे आणि ते कसं वाचायचं हे बहुधा कुणी शिकवतच नाही. रिकाम्या चौकटीत चिन्ह भरण्याचा सराव भरपूर होतो. भरलेलं वाक्य मोठ्याने वाचून घेणं राहून जातं.

दुसरं कारण मगर. ‘मगर भुकेली असते, मोठ्या संख्येकडे तोंड उघडते’ हे तिला पहिलीपासून पाठ होतं. लहान वयात या युक्तीने चिन्ह बरोबर बसतं, हे खरं आहे. पण मगरीला फक्त एकच गोष्ट कळते, खायचं कुणाला. लहान संख्येबद्दल ती काही बोलत नाही, दोघींमध्ये अंतर किती ते सांगत नाही आणि दोन्ही संख्या समान असल्या की तिला कामच उरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ही युक्ती दुसरीनंतर वर्गात राहू नये. आठवीत −७ आणि −३ समोर आले की मुलं मगरीलाच विचारतात, आणि मगरीला सात दिसतो.

मगरीच्या जागी मी चिन्हाचा आकारच तिच्यासमोर ठेवला. बरोबरचं चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड यांनी छापील पुस्तकात आणलं. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांइतकं समान दुसरं काही असू शकत नाही, हे त्यांनीच दिलेलं कारण. < आणि > ही चिन्हं १६३१ मध्ये थॉमस हॅरियट यांच्या ग्रंथात छापली गेली. तोवर त्यांच्या मृत्यूला दहा वर्षं झाली होती. त्याच वर्षी विल्यम ऑट्रेड यांनीही लहान-मोठेपणासाठी वेगळी चिन्हं छापली होती, पण ती टिकली नाहीत. समानही चालेल असं सांगणारी, खाली रेघ असलेली चिन्हं १७३४ मध्ये पिएर बुगे यांच्या लेखनात आली, तेव्हा खाली एकाऐवजी दोन रेघा असत. या सगळ्यात मगर कुठेच नाही. = च्या दोन रेघांमधलं अंतर दोन्ही टोकांना सारखं असतं. त्याच दोन रेघा डावीकडे जुळवल्या की डावीकडचं अंतर शून्य होतं, उजवीकडचं उरतं, आणि < तयार होतं. तिने हे पेन्सिलीने काढून पाहिलं आणि पुढे चिन्हाची बाजू आठवायची वेळ आली की ती याच आकाराकडे पाहायची.

पण बाजू आठवणं हा किरकोळ भाग होता. तिच्या मनात −७ मोठाच होता.

थंडीचं उदाहरण का फसलं

ऋण संख्यांचा क्रम शिकवताना सगळे तापमानाचं उदाहरण देतात. मीही विचारलं, “उणे सात अंश आणि उणे तीन अंश, जास्त थंड कुठे?” क्षणात उत्तर आलं, “उणे सात.” आणि लगेच तिने वहीकडे बोट दाखवलं. “म्हणूनच तर उणे सात मोठा. थंडी जास्त आहे.”

तिचा तर्क सरळ होता. थंडी हे परिमाण धरलं तर ते −७ ला खरोखरच जास्त आहे. कर्जाचंही तसंच: ज्याच्यावर ७ चं कर्ज त्याचं कर्ज ३ च्या कर्जापेक्षा मोठं. ही दोन्ही उदाहरणं पाठ्यपुस्तकी शहाणपण म्हणून दिली जातात, आणि ज्या मुलाचा गोंधळ आधीच झालेला आहे त्याचा गोंधळ ती पक्का करतात. कारण थंडी किंवा कर्ज म्हणताना आपण नकळत शून्यापासूनचं अंतर मोजायला लागतो. सातचं अंतर तीनच्या अंतरापेक्षा मोठं आहे, म्हणजे −७ चं केवल मूल्य −३ च्या केवल मूल्यापेक्षा जास्त आहे. तिचं उत्तर बरोबर होतं, फक्त प्रश्न तो नव्हता.

हे तिला मी याच शब्दांत सांगितलं, कारण तिच्या विचारातला बरोबर भाग तिच्याकडून काढून घ्यायचं कारण नव्हतं. मग संख्यारेषा काढली. उजवीकडे जाताना संख्या वाढते, डावीकडे जाताना घटते, शून्य ओलांडलं तरी दिशा बदलत नाही. तापमान म्हटलं तर पारा वर चढणं हीच वाढ. −७ पासून पारा वर चढला तर वाटेत −३ लागतं की नाही? लागतं. म्हणजे −७ आधी, −३ नंतर.

संख्यारेषेवरून ती ‘कोण कुठे’ हे सांगू लागली. तरी मला एक पक्की कसोटी हवी होती, रेषा काढायला जागा नसेल तेव्हाही चालेल अशी. ती एका ओळीत मावते: अ < ब याचा अर्थ ब − अ ही संख्या धन आहे. दुसऱ्यातून पहिली वजा करायची आणि उरलेलं धन आहे का ते पाहायचं. या व्याख्येत मोठेपणा कुठल्याच एका संख्येला चिकटत नाही, वजाबाकीला दोन्ही लागतात.

−३ − (−७) = ४. धन. म्हणून −७ < −३.

दशांश आणि अपूर्णांकांच्या दोन ओळी याच कसोटीने तिने स्वतः दुरुस्त केल्या. ०.६० − ०.४५ = ०.१५. आणि ३/५ − ३/७ = २१/३५ − १५/३५ = ६/३५. दोन्ही धन, दोन्ही चिन्हं बदलली. दशांशात स्थानिक किंमतीची उजळणी लागली, ती पुढे वेगळी घेतली.

चिन्ह का उलटतं

−२क्ष < ६ ही ओळ तिला सगळ्यात अन्यायाची वाटत होती. समीकरणात दोन्ही बाजूंना −२ ने भागलं तर काही बिघडत नाही, मग इथे चिन्ह का बदलायचं? ‘ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्ह उलटवायचं’ हा नियम तिला सांगितलेला होता, पण कधी आठवायचा, कधी निसटायचा. कारण माहीत नसलेला नियम याहून जास्त टिकत नाही.

आधी तिच्याच उत्तराची परीक्षा घेतली. तिचं उत्तर क्ष < −३. मग −५ घेऊन बघू. −२ × −५ = १०, आणि १० < ६ हे खोटं. आता जो तिच्या उत्तरात बसत नाही असा ० घेऊ. −२ × ० = ०, आणि ० < ६ हे खरं. म्हणजे तिच्या उत्तरातली संख्या चालत नाही आणि बाहेरची चालते. ही तपासणी प्रत्येक असमानतेला करता येते, आत एक संख्या, बाहेर एक संख्या, आणि चूक असेल तर बहुतेकदा ती लगेच उघडी पडते. हिची सवय लावणं हे माझ्या दृष्टीने नियम पाठ करण्यापेक्षा जास्त मोलाचं काम आहे.

मग कारणाकडे वळलो. संख्यारेषेवर २ आणि ५ खुणावले, त्यांच्या विरुद्ध संख्या −२ आणि −५ खुणावल्या. शून्याच्या उजवीकडे जो लांब होता तो डावीकडेही तितकाच लांब गेला, पण डावीकडे लांब जाणं म्हणजे लहान होणं. २ < ५ होतं, आता −५ < −२ झालं. चित्र पाहून ती मान हलवत होती, तरी मी वजाबाकीचा आग्रह सोडला नाही. अ < ब म्हणजे ब − अ धन. आता −अ मधून −ब वजा करू: −अ − (−ब) = ब − अ. तीच धन संख्या. म्हणून −ब < −अ. चिन्ह कुणी उलटवलं नाही, ते व्याख्येतून तसंच निघालं.

उरलेले नियम तिने एकामागून एक याच वाटेने काढले. दोन्ही बाजूंना ‘क’ मिळवला तर (ब + क) − (अ + क) मध्ये क निघून जातो, ब − अ तसंच राहतं, चिन्हाला धक्का नाही. धन संख्येने गुणलं तर फरकही त्याच पटीत बदलतो, पण धनच राहतो. मग तिने विचारलं, वर्ग केला तर? हा प्रश्न मी सुचवला नव्हता. २ > −५, पण वर्ग केल्यावर ४ < २५. आणि ५ > २, वर्ग केल्यावर २५ > ४. एकदा उलटतं, एकदा नाही. दोन्ही संख्या धन असतील तर क्रम टिकतो, नाहीतर भरवसा नाही, इथपर्यंत ती स्वतः पोचली.

‘क्ष = ४’

हे उत्तर मला फार आवडलं होतं, चुकलेलं असूनही. २क्ष + १ > ७ वरून २क्ष > ६, मग क्ष > ३, इतकं तिने मनात बरोबर केलं होतं. पण उत्तर म्हणजे एक संख्या, ही समीकरणांची सवय. म्हणून तिने तीनच्या पुढची पहिली संख्या लिहून टाकली.

मी विचारलं, ३.५ चालेल का? चालेल. ३.१? चालेल. ३.०१? तिथे ती थांबली आणि म्हणाली, “मग पहिली कोणती?” या प्रश्नासाठी तास खर्ची पडला तरी हरकत नाही. तिने कुठलीही संख्या सांगावी, मी तिच्यात आणि तीनमध्ये बसणारी काढून दाखवीन, असं ठरलं. दोघींची बेरीज करून निम्मी केली की झालं. ३.००१ सांगितलं तर ३.०००५. तीनपेक्षा मोठी अशी सर्वांत लहान संख्या नाहीच. संख्यारेषेवर तीनपाशी पोकळ वर्तुळ काढून उजवीकडे बाण का काढतात, ते तिला इथे समजलं: तीन स्वतः उकलीत नाही, पण त्याच्या कितीही जवळची उजवीकडची संख्या आहे.

अर्थात क्ष म्हणजे माणसांची संख्या असती तर तीनच्या पुढची पहिली संख्या चारच. तेव्हाही उत्तर ‘क्ष = ४’ नसतं, ४, ५, ६ असं पुढे जात राहतं, पण सुरुवात चारपासून होते. म्हणून क्ष कोणत्या संख्यांमधून घ्यायचा आहे हे आधी विचारायचं, हेही तिच्या वहीत लिहून ठेवलं.

खालची रेघ

सगळ्यात जास्त वाद ≤ वर झाला. ‘५ ≤ ५ हे विधान सत्य की असत्य?’ तिचं उत्तर असत्य, आणि कारणही पक्कं: “समान आहेत ना, मग = लिहायचं. लहान कुठे आहे?” आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकणाऱ्याला ≤ शिकवता येणार नाही. ५ आणि ५ या दोन संख्यांबद्दल बोलायचं तर = हेच सगळ्यात नेमकं चिन्ह. पण विधान नेमकं आहे का हा एक प्रश्न, सत्य आहे का हा दुसरा. ‘लहान किंवा समान’ यातली एक बाजू खरी असली की ‘किंवा’चं वाक्य खरं ठरतं.

हे तिने ऐकून घेतलं, पटलं मात्र नाही. पटलं ते लिफ्टमुळे. लिफ्टमध्ये जास्तीत जास्त ८ माणसं. आत माणसं किती असतील ते पाटी लावणाऱ्याला माहीत नसतं, त्याला मर्यादा सांगायची असते. आठ चढली तर चालतं का? चालतं. मग क्ष < ८ लिहिलं तर आठव्या माणसाला उगाच बाहेर काढलं. ≤ ची गरज संख्या माहीत असताना नसते, माहीत नसताना असते.

यानंतर शब्दांतून चिन्हांत जाण्याचा सराव सुरू केला आणि अडचण पुन्हा उभी राहिली. ‘उत्तीर्ण होण्यासाठी कमीत कमी ४० गुण हवेत’ याचं तिने गुण ≤ ४० केलं. ‘कमी’ ऐकलं की <, ‘जास्त’ ऐकलं की >, असं तिचं गणित. ‘कमीत कमी’ आणि ‘जास्तीत जास्त’ मध्ये ते बरोबर उलटं पडतं. ‘४० पेक्षा कमी नको’ मध्येही. इथे मी शब्दावरून चिन्ह शोधायला बंदीच केली. त्याऐवजी तीन संख्या तपासायच्या: मर्यादेच्या थोडी आधीची, मर्यादा स्वतः, थोडी नंतरची. ३९ चालेल? नाही. ४०? हो. ४१? हो. मग गुण ≥ ४० याशिवाय दुसरं काही लिहिताच येत नाही. ‘किमान’, ‘निदान’, ‘पर्यंत’, ‘च्या आत’, ‘पेक्षा अधिक नाही’, शब्द कुठलाही असो, कृती तीच. ‘पर्यंत’ मध्ये शेवटची संख्या धरायची का हे कधी कधी वाक्यावरूनही ठरत नाही. तेव्हा विचारून घ्यायचं असतं, अंदाज करायचा नसतो.

दुहेरी असमानतेत फारसं अडलं नाही. ३ < क्ष < ७ ला ती सुरुवातीला ७ < क्ष < ३ असंही लिहायची, पण मोठ्याने वाचायला लावल्यावर ‘सात क्षपेक्षा लहान आणि क्ष तीनपेक्षा लहान’ हे कानावर पडलं आणि तिनेच खोडलं. तसं असतं तर सात तीनपेक्षा लहान ठरला असता.

आत्ताची स्थिती

चिन्हं आता ती दोन्ही संख्या घेऊन वाचते: ‘नऊ बारापेक्षा लहान’, ‘बारा नऊपेक्षा मोठा’. ऋण संख्यांचा चढता क्रम लावताना अजून बोटाने हवेत रेषा ओढते, त्याला माझी ना नाही. ‘पेक्षा कमी नाही’ प्रकारची वाक्यं वेगात आली तर चिन्ह अजून चुकतं. तीन संख्यांची तपासणी केली की सुधारतं.

अलीकडे मी तिला अभ्यासक्रमाच्या थोडं पुढचं ६/क्ष > २ हे उदाहरण दिलं. दोन्ही बाजूंना क्षने गुणून ६ > २क्ष लिहायला तिने पेन टेकवलं आणि उचललं. “पण ताई, क्ष धन आहे की ऋण?” मग तिने पानाच्या मधोमध उभी रेघ मारून दोन भाग केले. क्ष धन असेल तर ६ > २क्ष, म्हणजे क्ष < ३, म्हणून ० < क्ष < ३. क्ष ऋण असेल तर चिन्ह उलटून ६ < २क्ष, म्हणजे क्ष > ३, आणि ऋण संख्या तीनपेक्षा मोठी असू शकत नाही, तेव्हा त्या भागात काहीच नाही. शून्याने भागता येत नाही म्हणून शून्य मुळातच बाद. शेवटी न सांगता तिने तपासणी केली: १ घेतला, ६ > २ खरं, ४ घेतला, १.५ > २ खोटं. −१ घेतला, −६ > २ खोटं.